ऑस्टिनला एकच तास प्रॅक्टिस, आणि इथे नरकासुर अर्धाच उभा

डिचोली_पिटबोर्ड
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, सरळच विचारतो. या वीकेंडला मला सगळं बघायला जमणार नाही. काय बघू आणि काय सोडू?

अडचण अशी की एफ-वनची अमेरिकेतल्या ऑस्टिनची मुख्य रेस आपल्याकडे रविवारी रात्री साडेबाराला, म्हणजे बरोब्बर नरकासुराच्या रात्री. आमच्या वाड्यावर यंदा नरकासुराचा पुतळा बावीस फुटी आहे. सांगाडा झाला, पेंढा बांधून झाला, कागद छातीपर्यंत आलाय. खळ ढवळायला दरवर्षी मीच, कारण माझ्या हातची खळ गुठळ्या धरत नाही असं कुणीतरी एकदा म्हटलं आणि मी फसलो. त्यात यंदा पोरांनी ठरवलंय की उजवा हात गदेसकट वरखाली हलला पाहिजे. जुन्या गाडीच्या वायपरची मोटर लावलीय. काल ती एकदा फिरली, टाळ्या पडल्या. आज ढिम्म.

वेळा मी काढून ठेवल्यात. उद्या शुक्रवारी रात्री ११ ला प्रॅक्टिस, एकच, तासाभराची. पहाटे ३ ला स्प्रिंट क्वालिफाइंग, म्हणजे स्प्रिंट या छोट्या रेसमध्ये कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी. शनिवारी, धनत्रयोदशीच्या रात्री, साडेदहाला स्प्रिंट. मग अडीचला मुख्य क्वालिफाइंग. म्हणजे सलग तीन रात्री जागरण आणि चौथ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. आई म्हणते तुला आंघोळीला उठवायची गरजच नाही.

आता खरा प्रश्न. प्रॅक्टिस बघण्यात काही अर्थ आहे का? मी ज्या ज्या वेळी तक्त्यात पहिला आलेला बघून खूश झालो, त्या त्या वेळी तोंडावर पडलोय. आणि दुसरं म्हणजे, एकाच प्रॅक्टिसच्या वीकेंडला कुठलीही शहाणी टीम गाडीला नवा पार्ट का लावेल? मी मॅक्लॅरेनच्या नॉरिसचा माणूस. गुण बघ: त्याच्याच टीमचा पिआस्ट्री ३३६, आपला ३१४, रेड बुलचा व्हर्स्टॅपन २७३. हिशेबाने भीती पिआस्ट्रीची असायला हवी, पण मॉन्झाला रेड बुलने नवा फ्लोअर, म्हणजे गाडीचा तळ, आणल्यापासून मला रात्री व्हर्स्टॅपनच दिसतो. मॉन्झा घेतली, बाकू घेतली, सिंगापूरला दुसरा आला. ते अजून पार्ट आणतायत आणि आमचे मॅक्लॅरेनवाले हात बांधून बसलेत असं मला वाटतं. चुकतंय का काही?

ता.क. ट्रॅकला सगळे ‘कोटा’ (सर्किट ऑफ द अमेरिकाज) म्हणतात. धाकट्या भावाला वाटलं राजस्थान. त्याला अजून सांगितलेलं नाही.

---

म्हापसा_शुक्रवारचा_बाजार
गुरुवार, रात्री ११.२०

झोप बाबा. प्रॅक्टिस बघणं म्हणजे बाजारात पहाटे लोक दुकान मांडत असताना जाऊन उभं राहणं. भाव दहानंतर कळतो. क्वालिफाइंग बघ, रेस बघ, मधल्या वेळात खळ ढवळ.

मोटरला बारा व्होल्ट पोचतात का ते आधी तपास. तुमच्या पोरांनी स्पीकरची बारीक तार वापरली असणार.

---

फोंडा_टो_कॅम्बर
शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

बाजारवाल्याचं ऐकू नकोस. दुकान मांडताना बघणाऱ्यालाच कळतं कुणाच्या टोपलीत तळापर्यंत मानकुराद आंबा आहे आणि कुणी वर चार ठेवून खाली भलतंच भरलंय.

मी चाकं सरळ करतो. फोंड्यात अलाइनमेंटचं दुकान, एकवीस वर्षं झाली. त्यामुळे माझं बोलणं चाकाच्या अंगानेच जाणार, सांभाळून घ्या.

माझ्याकडे गिऱ्हाईक येतं. नवे अलॉय, रुंद टायर, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेली, सगळं एकाच आठवड्यात, बहुतेक वेळा स्वतःच्या नाहीतर भावाच्या लग्नाआधी. तक्रार काय, तर भाई, गाडी डावीकडे ओढते. कशाने ओढते? मला काय ठाऊक! चार गोष्टी एकदम बदलल्यास, आता एकेक मागे नेऊन बघावं लागेल. तेवढा वेळ त्याला नसतो आणि तेवढी मजुरी तो मला देत नाही. असाच एकजण महिन्याभराने गाडी दोरीने ओढून घेऊन आला. भोमाजवळ गतिरोधकावर तेलाचा संप फुटला होता. गाडी दिसायला मात्र काय देखणी होती म्हणून सांगू.

एका तासाच्या प्रॅक्टिसचं दुखणं हेच आहे. नेहमीच्या वीकेंडला तीन तास मिळतात. एका गाडीला नवा फ्लोअर, दुसरीला जुना, दोघांना सारखंच पेट्रोल, मग आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. रात्री तिकडे कारखान्यात सिम्युलेटरवर कुणीतरी पहाटेपर्यंत लॅप मारतो, शनिवारी सकाळी ठरतं ठेवायचा की काढायचा. फेरारीचं २०२४ आठव. बार्सिलोनाला नवा फ्लोअर लावला आणि वेगाच्या वळणांत गाडी पुन्हा उसळायला लागली. सिल्व्हरस्टोनच्या शुक्रवारी त्यांनी नवा-जुना ताडून पाहिला आणि शनिवारी मुकाट्याने जुना बसवला. हे जमलं कारण शुक्रवार होता. तोच हंगाम, सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला लेक्लेर मॉन्झा जिंकला, तेव्हा नवा माल नीट बसला होता. पार्ट वाईट नसतो रे, तो कुठल्या गाडीला, किती उंचीवर, कुठल्या रस्त्यावर लावला त्यावर ठरतं. विंड टनेलमध्ये साठ टक्के आकाराचं मॉडेल असतं आणि तिथे ऑस्टिनचे खड्डे नसतात.

खड्ड्यांचं म्हणतो ते उगाच नाही. तो ट्रॅक फुगणाऱ्या चिकणमातीवर आहे. पाणी मुरलं की माती फुगते, सुकली की बसते, आणि वर डांबर लाटा घेतं. आपल्याकडे खाजनात भराव घालून रस्ता केला की काय होतं ते तुला सांगायला नको. गेल्या वर्षी काही भागाचं डांबर नवं केलं, तरी सपाट म्हणण्यासारखा तो नाही.

आता २०२३ चं ऐक, तिथलंच. तेव्हाही स्प्रिंट, तेव्हाही एकच तास. गाडीच्या पोटाखाली पट्टी असते, दहा मिलिमीटर जाडीची. रेस संपल्यावर नऊच्या खाली गेली की बाद. गाडी जितकी जमिनीला चिकटून तितकी फ्लोअरखालची हवा जास्त खेचते, म्हणून प्रत्येकजण शेवटच्या मिलिमीटरपर्यंत खाली बसवायला बघतो. हॅमिल्टन दुसरा आला होता, लेक्लेर सहावा. चार गाड्या तपासल्या, त्यातल्या या दोघांच्या पट्ट्या जास्त झिजलेल्या निघाल्या, दोघेही बाद. तीन प्रॅक्टिस असत्या तर शुक्रवारी संध्याकाळीच पट्टी मोजून दोन मिलिमीटर वर घेतली असती. माझ्या भोमच्या गिऱ्हाइकात आणि यांच्यात फरक एवढाच की यांच्याकडे तीनशे सेन्सर होते. तीनशे हा आकडा माझा, भांडू नका.

त्याच वीकेंडला ॲस्टन मार्टिनने नवा संच आणला होता. त्या वर्षी अलोन्सोने पहिल्या आठ रेसमध्ये सहा पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) घेतले होते, मग गाडी घसरत गेली, म्हणून घाईघाईने इलाज. त्या एकुलत्या तासात ब्रेक तापले, लॅप मोजकेच झाले, दोन्ही गाड्या क्वालिफाइंगच्या पहिल्या टप्प्यात बाहेर. शेवटी सेटअप बदलून दोघांनाही पिटलेनमधून, म्हणजे गॅरेजसमोरच्या गल्लीतून सगळ्यांच्या मागे, सुरुवात करावी लागली. प्रॅक्टिस संपली की गाडीला कुलूप लागतं, मग रविवारपर्यंत जे लावलं ते लावलं.

मग कुणी आणतंच का, असं तू विचारतोस. कारण कधी कधी जमतं, आणि जमतं तेव्हा देव बरें करूं. मायामी २०२४, तुझा नॉरिस, तीही स्प्रिंटच. मॅक्लॅरेनने नवा संच आणला, नॉरिसला पूर्ण, पिआस्ट्रीला अर्धामुर्धा. रविवारी नॉरिस आयुष्यातली पहिली रेस जिंकला. सेफ्टी कारने (अपघात झाला की सगळ्यांना हळू करते ती गाडी) हात दिला हे खरं, पण वेग होता म्हणून हात धरता आला. सहा आठवडे पार्ट गोदामात ठेवून काय करायचं? वजन वाढतं का त्याचं?

आता रात्री काय बघायचं. तक्ता झाकून ठेव. कुणाच्या टाकीत किती पेट्रोल हे आपल्याला कळत नाही, आणि दहा किलोमागे लॅपला साधारण तीन दशांश सेकंद जातात. इंजिन कुणी किती उघडलंय तेही कळत नाही. तू तीन ते सहा नंबरच्या वळणांवर डोळा ठेव. डावं-उजवं-डावं अशी नागमोड आहे. ज्याची गाडी बसलेली असते त्याचे हात शांत असतात. ज्याची नाही, तो दर वळणाला थोडा थोडा उशिरा पोचतो आणि शेवटच्याला पार बाहेर फेकला जातो. मागच्या लांब सरळ पट्ट्यावर ठिणग्या कोण जास्त उडवतो ते बघ, ती गाडी खाली आहे. आणि पंधरावीस मिनिटांत कुणाच्या गाडीला हिरवा रंग फासलेला दिसला, शिगम्याला गुलाल फासतात तसा, तर समज की नव्या पार्टवरून हवा कशी जाते ते तपासतायत. त्यात पॅराफिन तेल असतं, हवेने ते ओघळतं आणि रेघा उरतात. एकाच तासातला वेळ कुणी त्यासाठी खर्च करत असेल तर त्याचा स्वतःच्या कारखान्यावर पुरता भरवसा नाही.

मी प्रॅक्टिस प्रत्यक्ष बघितलीय, म्हणून एवढं बोलतो. २०११, बुद्ध सर्किट. दिवाळीच्या दिवसांत वास्कोहून गोवा एक्सप्रेस धरून निजामुद्दीनला उतरलो होतो, त्याबद्दल घरात अजून ऐकून घेतो. पहिल्या प्रॅक्टिसला ट्रॅक नवाकोरा, बाजूला मातीच माती. गाडी जरा रेषेबाहेर गेली की मागे धुरळ्याचा पडदा. आणि सुरुवातीलाच कुत्रं ट्रॅकवर आलं! लाल झेंडा. इतक्या लांबून, इतक्या पैशांनी, आणि पहिलं काय बघतो तर फोंड्याच्या बाजारात रोज बघतो तेच. पण नंतरच्या तासाभरात काळी रेघ हळूहळू उमटत गेली आणि वेळा धडाधड खाली आल्या. रविवारी व्हेटेल जिंकला, तो आता फारसा आठवत नाही. ती रेघ उमटताना आठवते.

---

वेर्णा_बॅच_रिलीज
शुक्रवार, दुपारी १.०५

भाई, पोस्ट झकास. कुत्रा मलाही आठवतो, टीव्हीवर. पण एक दुरुस्ती. कुलूप रविवारपर्यंत हा २०२३ चा नियम. गेल्या वर्षापासून स्प्रिंट संपल्यावर कुलूप उघडतं आणि मुख्य क्वालिफाइंगपर्यंत सेटअप बदलता येतो. म्हणजे आता स्प्रिंट हीच दुसरी प्रॅक्टिस. ऑस्टिनला १९ लॅप, खऱ्या वेगाने, खऱ्या गर्दीत. त्या १९ लॅपनंतर पट्टी मोजायची आणि उंची ठरवायची. २०२३ सारखा फटका बसणं त्यामुळे बरंच अवघड झालंय.

मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे साधं गॅस्केट बदललं तरी चेंज कंट्रोलचा फॉर्म, आणि प्रक्रिया बदलली तर ओळीने तीन बॅच बिनचूक आल्याशिवाय पुढे जात नाही. तीन प्रॅक्टिस म्हणजे मला त्या तीन बॅच वाटतात. स्प्रिंट वीकेंड म्हणजे एकाच बॅचवर माल ट्रकमध्ये चढवायचा. आमचे साहेब चक्कर येऊन पडतील.

पिटबोर्ड, तुझ्या मॅक्लॅरेनबद्दल. हात बांधून बसलेत हे खरं, पण आळसाने नाही. टीमचं विजेतेपद त्यांनी सिंगापूरलाच खिशात घातलंय. पुढच्या वर्षी गाडी मुळापासून नवी, इंजिनचे नियम नवे, विंगचे नियम नवे. खर्चाला मर्यादा आहे आणि विंड टनेलच्या वेळेलाही. त्यातही पहिल्या नंबरच्या टीमला सगळ्यात कमी वेळ, ७० टक्के, आणि दहाव्याला ११५. आज फ्लोअरवर घालवलेला तास २०२६ च्या गाडीतून जातो. रेड बुल अजून जुन्याच गाडीवर घालवतायत, मॉन्झाला फ्लोअर, सिंगापूरला पुढची विंग. ते शहाणे की वेडे, हे पुढच्या मार्चमध्ये विचार.

एक काम कर. प्रॅक्टिसआधी एफआयए, म्हणजे नियम करणारी संस्था, प्रत्येक टीमच्या बदललेल्या पार्टची यादी जाहीर करते, कारणासकट. ती आधी वाच. त्यात ‘परफॉर्मन्स’ लिहिलं असेल तरच अपग्रेड. ‘सर्किट स्पेसिफिक’ किंवा कूलिंग लिहिलं असेल तर तो फक्त त्या ट्रॅकपुरता, बॉनेटला जास्त भोकं पाडल्यासारखा. लोक दोन्ही एकत्र मोजतात आणि ‘अमक्याने सात अपग्रेड आणले’ म्हणून नाचतात.

टायर या वेळी विचित्र आहेत. हार्ड सी-१ (हा सगळ्यात कडक), मीडियम सी-३, सॉफ्ट सी-४. मधला सी-२ गाळलाय. म्हणजे हार्ड इतका हार्ड की कुणी त्याला हात लावेल असं मला वाटत नाही. आणि तिथे उष्म्याचा इशाराही दिलाय, ३१ अंशांच्या पुढे. ड्रायव्हरांना गार पाण्याचं जाकीट मिळणार. एकतीस! आमच्या प्लांटच्या बसस्टॉपवर सकाळी नऊला असतं तेवढं.

---

फोंडा_टो_कॅम्बर
शुक्रवार, दुपारी २.३०

ताई, कुलपाचं मान्य. माझं डोकं २०२३ लाच अडकलं होतं.

पण स्प्रिंटला प्रॅक्टिस म्हणू नका. प्रॅक्टिसमध्ये गाडी बिघडली तर पार्ट काढून ठेवता येतो. स्प्रिंटमध्ये शेजारचा तुमच्या अंगावर येऊ शकतो.

---

डिचोली_पिटबोर्ड
शनिवार, १८ ऑक्टोबर, रात्री १२.२५

बघितली. पेंढ्याच्या भाऱ्यावर बसून, मोबाइल बांबूला सुतळीने बांधून. आठदहा पोरं जमली, त्यातल्या निम्म्यांना वाटलं रेसच सुरू आहे.

नॉरिस पहिला! तक्ता झाकून ठेवा म्हणालात, पण पोरांनी ओरडून सांगितलं. पिआस्ट्री तिसरा. आणि दुसरा कोण, तर हुल्केनबर्ग. सौबर टीमचा! व्हर्स्टॅपन पाचवा. हे काय गौडबंगाल?

भाई, तीन ते सहा वळणं डोळ्यांत तेल घालून बघितली. खरं सांगू? मला सगळ्या सारख्याच दिसल्या. एकदोघांचे हात जास्त हलताना वाटले, पण तोवर कॅमेरा बदलायचा. ठिणग्या मात्र मोजल्या. अकरा गाड्यांच्या मोजल्या आणि मग खळ करपल्याचा वास आला.

---

फोंडा_टो_कॅम्बर
शनिवार, रात्री १२.४०

हुल्केनबर्गला विसर. टाकी हलकी करून एक लॅप मारलाय, टीव्हीवर स्पॉन्सर दिसावा म्हणून. व्हर्स्टॅपनकडे लक्ष ठेव, त्याने हातचं राखलंय. वळणं पहिल्या रात्री कुणालाच दिसत नाहीत. मला सहा वर्षं लागली.

---

वेर्णा_बॅच_रिलीज
शनिवार, पहाटे ४.१०

नाइट शिफ्ट, ब्रेकमध्ये लिहितेय.

स्प्रिंट क्वालिफाइंगमध्ये व्हर्स्टॅपन पहिला. नॉरिस दुसरा, फक्त ०.०७१ सेकंदाने. पिआस्ट्री तिसरा.

चौथा हुल्केनबर्ग. भाई, ‘विसर’ म्हणालात तो.

---

फोंडा_टो_कॅम्बर
शनिवार, सकाळी ८.५०

खाल्ला मार. एकवीस वर्षांचा अनुभव एका सौबरने धुतला. टाकी हलकी नव्हती, गाडीच बरी होती. व्हर्स्टॅपनचं बरोबर आलं एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवा.

---

म्हापसा_शुक्रवारचा_बाजार
शनिवार, सकाळी ९.३०

मी म्हटलं होतं झोपा.

---

डिचोली_पिटबोर्ड
रविवार, १९ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

काय लिहू. साडेदहाला सगळा वाडा गोळा केला होता. पणत्या लावून झाल्या होत्या, एका काकूंनी लाडवांचा डबा आणला. मी ऐटीत समजावून सांगितलं की ही स्प्रिंट आहे, १९ लॅप, यातून उद्याची गाडी कशी ठेवायची ते कळणार. चढावर गेले, पहिलं वळण, पिआस्ट्री आतून वळला, हुल्केनबर्गला लागला आणि नॉरिसवर आदळला. संपलं. आमच्या दोन्ही गाड्या एक लॅपसुद्धा न करता बाहेर. काकू म्हणाल्या, झाली का रेस? लाडू अजून वाटलेही नव्हते.

व्हर्स्टॅपन जिंकला. मग अडीचला उठलो. खरं म्हणजे झोपलोच नव्हतो. पोल, म्हणजे मुख्य रेसची पहिली जागा, तीही त्यालाच. नॉरिस दुसरा, लेक्लेर तिसरा, पिआस्ट्री सहावा.

भाई, आता १९ लॅपची ती ‘दुसरी प्रॅक्टिस’ही गेली. आमच्याकडे उरलं काय?

---

फोंडा_टो_कॅम्बर
रविवार, सकाळी १०.१५

उरला शुक्रवारचा एक तास, आणि दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो.

हे बघ, गेलं काय ते नीट समजून घे. गुण गेले ते वेगळे. खरा तोटा असा की जड टाकी घेऊन ओळीने लॅप मारल्यावर पट्टी किती झिजते, मागचे टायर किती तापतात, हे रेड बुलला कळलं आणि मॅक्लॅरेनला कळलं नाही. क्वालिफाइंगआधी कुलूप उघडं होतं, पण बदलायचं कशाच्या जोरावर? मी त्यांच्या जागी असतो तर गाडी चिमूटभर वर ठेवली असती. ज्याने मोजलं नाही त्याने वर ठेवावी, निदान बाद तरी होत नाही. त्यात एक दशांश गेला असेल, पिआस्ट्रीचा कदाचित जास्त. हा माझा अंदाज. हुल्केनबर्गवाल्या माणसाचा अंदाज आहे हे ध्यानात ठेवूनच घे.

पण मायामीचं एक सांगायचं राहिलं होतं. त्या वीकेंडलाही नॉरिस स्प्रिंटच्या सुरुवातीलाच धडक लागून बाहेर गेला होता. तेव्हाही १९ लॅप मिळाले नव्हते. रविवारी जिंकला तो तसाच, अंधारात हात घालून.

आणि याहून वाईट हवं असेल तर आपला करुण चांडोक. २०१० बहारीन, एचआरटी टीम. प्रॅक्टिसभर त्याची गाडी गॅरेजमध्ये जोडतच होते. त्या गाडीत तो पहिल्यांदा ट्रॅकवर गेला तो थेट क्वालिफाइंगला. आयुष्यातली पहिली एफ-वन रेस, आणि गाडीचा क्लच कुठे धरतो तेही ठाऊक नाही. रेसमध्ये सुरुवातीलाच एका उंचवट्यावरून घसरून गेला. लोक हसले. मी नाही हसलो. विनाचाचणी गाडी रस्त्यावर काढणं काय असतं ते मला माहीत आहे. स्टिअरिंगचा नवा रॅक बसवून पहिली फेरी मारताना मी अजून देवाचं नाव घेतो.

---

वेर्णा_बॅच_रिलीज
रविवार, सकाळी ११.००

चांडोकची बॅच शून्य चाचणीवर रिलीज झाली म्हणायची.

भाईंच्या अंदाजाला माझी सही. फक्त एक भर. पहिल्याच लॅपला व्हर्स्टॅपन सुटला तर मागून गाठणं कठीण, कारण नॉरिसला कुणाच्या मागे किती लॅप टायर टिकतात तेही शुक्रवारनंतर कळलेलं नाही. लेक्लेरने सॉफ्टवर सुरुवात केली तर मधे घुसेल. तेवढं पहिलं वळण सांभाळ म्हणावं.

---

डिचोली_पिटबोर्ड
रविवार, संध्याकाळी ६.२०

मुखवटा चढला. कागद, रंग, शिंगं, सगळं झालं. आभाळ भरून आलंय म्हणून वर ताडपत्री, त्यामुळे बावीस फुटी राक्षस सध्या लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. परीक्षक कधी येतील याचा नेम नाही, बारा म्हणतात, म्हणजे दोन धरा. जनरेटरवर टीव्ही लावलाय. साडेबाराला फिरायला निघालो नसलो तर रेस बघू, निघालो असलो तर मोबाइल आहेच.

आता हाताचं. दुपारी चालू केला. बाजारवाल्या भाईंचं बरोबर, तार बारीकच होती. जाड घातली, मोटर फिरली, हात वर गेला. आणि वरच राहिला. आम्ही आधी फक्त काठी लावून बघितलं होतं, गदा नंतर बांधली. आणि गदेला पोरांनी काल रात्री, मी क्वालिफाइंग बघत असताना, आणखी दोन थर कागद चढवले. भिजलेला कागद. किती जड झालीय ते कुणीच मोजलं नाही. आता मोटरमधून जळका वास येतो आणि नरकासुर बसमध्ये दांडीला धरून उभा राहिल्यासारखा दिसतो.

कुणाकडे वायपरची मोटर पडून आहे का? साखळी, म्हापसा, कुठेही येतो.

---

फोंडा_टो_कॅम्बर
रविवार, संध्याकाळी ६.३५

दुकानात एक आहे, मागच्या डिकीच्या वायपरची नव्हे, पुढच्या काचेची, जोरदार. साडेसातपर्यंत उघडं ठेवतो, ये. येताना ती गदा घेऊन ये, वजन करू. माझ्याकडे काटा आहे.

आणि ते वरचे दोन थर आत्ताच सोलून काढ, माझी वाट बघू नकोस.